सीताफळांचा हंगाम आणि एक उष्टी ताटली

बसस्थानकाच्या कोपऱ्यावर काल सीताफळांच्या टोपल्या दिसल्या. टोपलीच्या तोंडाशी सीताफळीचीच पाने दाबलेली आणि विकणाऱ्या बाईचा एक हात सतत फळांवरून फिरणारा. तो हात काय शोधतो, हे इकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. फळाचे डोळे उघडले की नाही, एवढेच तो पाहत असतो. खवल्यांमधल्या रेषा रुंदावून पांढुरक्या झाल्या, की सीताफळाने डोळे उघडले म्हणायचे. मग त्याला झाडावर ठेवायचे नाही. मी फळे घेतली, पिशवी छातीशी धरून घरी आले, ती टेबलावर ठेवली आणि मग माझ्या ध्यानात आले, की खिडकीपासून हातभर अंतरावर, उजेड डावीकडून येईल अशा बेताने मी ती ठेवली आहे. तिथे पिशवी ठेवण्याचे काही कारण नव्हते. हे हाताला लागलेले वळण आहे, आणि ते एका हंगामात लागले.

नवे राज्य होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. कचेऱ्यांवरच्या पाट्या नव्याने रंगवणे चालले होते, आणि सकाळी शाळेला जाताना ओल्या रंगाचा वास यायचा. मी मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत होते. वय एकेचाळीस. घरात मी आणि माझी थोरली बहीण. तिला मी अक्का म्हणते. तिचे सारे आयुष्य साखरखेर्ड्याला सासरी गेले; भावजी गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली आणि येताना तिकडची बोली, तिकडची मिरची आणि तिकडचा दरारा घेऊन आली. माझे शिक्षण नागपूरला झाले, त्यामुळे माझे मराठी तिला नेहमी थोडे इस्त्री केलेले वाटते.

त्याच वर्षी दिवाळीत नागपूरच्या भावाने नवा कॅमेरा घेतला आणि जुना मला दिला. तो पेटीसारखा, दोन भिंगांचा होता. तो डोळ्याला लावत नाहीत. पोटाशी धरून, वरचे झाकण उघडून, मान खाली घालून त्यात पाहावे लागते. समोरच्या माणसाकडे सरळ पाहणे मला जन्मात जमलेले नाही. हे यंत्र जणू माझ्यासारख्यांसाठीच केलेले होते. आत दुधी काचेवर जग उमटायचे, तेही उलटे: डावे उजवीकडे, उजवे डावीकडे. माणसांचे फोटो काढायचे तर त्यांना ‘जरा सरका’ म्हणावे लागते. ते माझ्याच्याने होईना. म्हणून मी वस्तूंकडे वळले. तांब्या कधी ‘झाले का?’ असे विचारत नाही.

गावात हौशी फोटो काढणारांचा एक लहानसा मेळ होता. दर रविवारी दुपारी तो रेंजरसाहेबांच्या ओसरीवर भरे. रेंजरसाहेब वनखात्यातून निवृत्त झालेले, अर्धे आयुष्य घाटातल्या जंगलात काढलेले गृहस्थ. बाजारात स्टुडिओ असलेले बाबूराव तिथे येत (माझे रोल तेच धूत, आणि मलाही त्यांनीच बोलावले), आणि वानखडे वकील येत. आणखी दोघे-चौघे अधूनमधून असत, पण बोलणारे हे तिघेच. ओसरीत एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत सुतळी बांधलेली असे. आल्याबरोबर प्रत्येकाने आपला प्रिंट कपड्याच्या चिमट्याने तिला अडकवायचा. नाव लिहायचे नाही. मग एकेका प्रिंटवर बोलणे व्हायचे, आणि त्याचा एकच नियम होता: ज्याचा फोटो असेल, त्याने तोंड उघडायचे नाही. समर्थन नको, खुलासा नको. ऐकायचे आणि चहा प्यायचा.

तो नियम मला मनापासून आवडला. बोलू नये असे बंधन असलेली दुसरी बैठक मी तोवर पाहिली नव्हती.

आणि काय बोलत ती माणसे! वकिलांनी मोटेवरच्या बैलजोडीचा फोटो आणला होता. बाबूराव जवळ गेले, लांब आले, पुन्हा जवळ गेले. “या ढवळ्याच्या डोक्यातून बाभूळ उगवून राह्यली ना हो,” ते म्हणाले. “दोन पावलं बाजूले सरकाले काय झालं होतं? तुमचा अशील असता, तं त्यानं तुमच्यावरच दावा लावला असता.” वकील ओठ घट्ट मिटून बशीतला चहा फुंकत राहिले. पुढचा फोटो बाबूरावांचा स्वतःचा निघाला, तेव्हा रेंजरसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. “आभाळ कुठंय यात? मला तर धोतर वाळत घातलेलं दिसतं.” मग बाबूराव गप्प, आणि वकिलांना हसण्याची पाळी.

अशा गजरात चिमटे पुढे सरकत आणि माझा प्रिंट येई. नाव नसले तरी तो कोणाचा, हे सगळ्यांना कळत होते. त्या गावात समई आणि सीताफळांचे फोटो काढणारे दुसरे कोण होते? आवाज एकदम खाली येत. ओसरीत देव्हाऱ्यासमोरची शांतता पसरे.

“छान आहे,” रेंजरसाहेब म्हणत.

“स्वच्छ आहे,” वकील म्हणत.

“भांडे मस्त चमकून राह्यले,” बाबूराव म्हणत आणि घाईघाईने पुढच्या चिमट्याकडे वळत.

पहिल्या रविवारी मी सुखावले. दुसऱ्या रविवारी थोडी कमी. तिसऱ्या रविवारी मला उमगले, की माझा फोटो कोणी पाहिलेलाच नाही. त्यांनी शाळेतल्या बाईंना मान दिला होता, आणि तो देताना नजर खाली घातली होती. मी भिडस्त आहे, पण शिक्षिका आहे. ज्या वहीवर नुसती बरोबरची खूण असते, ती वही तपासलेली नसते, हे मला पक्के ठाऊक होते.

मी मनाशी एक ठरवून टाकले. रानातली सीताफळे संपेपर्यंत त्या ओसरीत माझ्या एकाही फोटोत कोणी दोष दाखवला नाही, तर कॅमेरा नागपूरला परत पाठवायचा. कोणाला सांगितले नाही. सांगण्याजोगे ते नव्हतेच. उशिरा हातात आलेली एक गोष्ट गप्प बसून परत करायची, एवढेच. पण त्या दिवसांत कॅमेऱ्याची कातडी पिशवी खुंटीला अडकवताना मी तिच्याकडे पाहत नसे.

कार्तिकातला आमच्या गावचा उजेड बाहेरच्या माणसाला सांगून कळायचा नाही. गाव उंचावर, हवा कोरडी, आणि पावसाने धुतलेल्या आभाळावर अजून धूळ चढलेली नसते. दुपार कलली, की खिडकीतून येणारे ऊन पायरी पायरीने खाली उतरते. गजांच्या सावल्या आधी भिंतीवर, मग टेबलावर, मग जमिनीवर पडतात. घरात सीताफळे पिकत घातलेली असत. ज्वारीच्या पोत्याशेजारून गेले, की तो गोड, थोडा आंबूस वास अंगावर येई. अक्का दर सकाळी गोणपाटाखाली हात घालून एकेक फळ चाचपून बघे आणि निकाल जाहीर करी: “हे आजचं. हे उद्याचं. हे बाजाराच्या दिवशीचं.”

मी त्यांतली सुबक फळे निवडून घेत असे. ओल्या फडक्याने पुसत असे. पुसल्यावरही ती करडी, धुरकट दिसत. म्हणून वर तेलाचे बोट फिरवत असे. टेबलावर आईचा पितळी तांब्या मधोमध. त्याच्या मागे समई. डावीकडे दोन सीताफळे, उजवीकडे दोन. पुढे शेवंतीची फुले, अंतर मोजून. एकदा अक्का दारात उभी राहून हे सगळे बघत होती.

“सुमे, फोटो काढून राह्यली का सत्यनारायन घालून राह्यली?”

“अक्का, उजेड जातोय. थांब.”

“नाही, सांग तं खरं. म्हनजे मी शिरा तरी भाजते.”

मी तिच्याकडे लक्ष दिले नाही. काढलेला रोल बाबूरावांच्या स्टुडिओत देत असे, आणि पाकिटावर वळणदार अक्षरात सूचना लिहीत असे: ‘छापताना काहीही कापू नये.’ त्या सूचनेमागे माझी सारी समजूत उभी होती. लग्नाच्या फोटोत एखादी आत्या कडेला अर्धी कापली गेली, तर बारा वर्षे बोलणे बंद होते, हे मी पाहिलेले. मग घरातल्या समईला अर्धी कशी करायची? जे मांडले ते सारे दिसले पाहिजे, पुरे दिसले पाहिजे, तोंड पुढे करून दिसले पाहिजे.

मार्गशीर्ष लागला. टोपल्यांतली फळे लहान होऊ लागली. त्या रविवारी माझा प्रिंट पुन्हा सुतळीला लटकला आणि पुन्हा ते आले: छान, स्वच्छ, मस्त. बाबूरावांचा हात पुढच्या चिमट्याकडे गेला आणि मला एक आवाज ऐकू आला. तो माझा होता.

“या फळांना तेल लावलेलं आहे.”

बाबूराव थांबले. “बाई, ज्याचा फोटो त्यानं बोलायचं नाही.”

“मला माहीत आहे. पण त्यावर दुसरं कोणीच बोलत नसेल, तर कोणीतरी बोललं पाहिजे.” वर्गात माझा आवाज नीट निघतो, तिथे हातात पुस्तक असते. इथे हातात नुसती बशी होती. “तेल लावलेलं तुम्हांला दिसलं नाही का?”

वकील खाली बघू लागले. रेंजरसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला.

“दिसलं होतं,” ते म्हणाले. “पहिल्याच रविवारी.”

“मग?”

“माझ्या दोन मुली तुमच्या हाताखाली शिकल्या, बाई. तुम्हांला कोणत्या तोंडानं सांगावं?”

“तुमच्या मुलींना मी सांगत होते,” मी म्हणाले. “लाल शाईनं.”

आधी वकील हसले, मग सगळी ओसरी. बाबूरावांनी धोतराचा सोगा सावरला. “सांगू का मंग? राग नाही धरायचा.”

“धरीन. पण सांगा.”

“बाई, तुम्ही फोटो नाही काढत. तुम्ही पूजा मांडता. मधात तांब्या, इकून दोन, तिकून दोन. माही नजर आली का पहिले हात जोडते, अन् पुढं निंगून जाते. देवापुढं मानूस किती येळ उभा राहीन, सांगा बरं? अन् वरून पाकिटावर हुकूम: काहीही कापू नये! मी म्हटलं, बाप्पा, शाळेचा हुकूम आहे.”

“आणि सगळे साक्षीदार एकदम बोलतात,” वकिलांना आता धीर आला होता. “समई बोलते, फुलं बोलतात, तांब्या तर ओरडतोच. साक्ष घ्यायची कोणाची?”

“फळं मात्र आंघोळ करून, भांग पाडून बसलेली,” रेंजरसाहेब म्हणाले. “रानातलं फळ आहे ते. मी त्याच्याबरोबर राहिलोय. त्याच्या अंगावर राख टाकल्यासारखी जी भुरकी असते, तोच त्याचा रंग. तो तुम्ही पुसून टाकलात.”

मग त्यांनी खिशातून पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या काढल्या. जुन्या कॅलेंडरच्या पाठीतून कापलेल्या होत्या. त्यांना तिथे ‘कोने’ म्हणत. दोन कोने एकमेकांवर ठेवले, की मध्ये एक चौकट तयार होते, आणि ती हवी तशी लहानमोठी करता येते. त्यांनी ते माझ्या प्रिंटवर ठेवले आणि हळूहळू सरकवू लागले. आधी समई गेली. मग शेवंती. डावीकडची दोन्ही फळे गेली, उजवीकडचे एक गेले. कोना तांब्यावर चढू लागला, तशी मी नकळत हात पुढे केला.

“तो आईचा आहे.”

“असू द्या ना. घरी आहे ना तो? फोटोत नसला म्हणून हरवत नाही.”

कोने थांबले. चौकटीत उजवीकडे तळाशी एकच सीताफळ होते. तांब्याच्या पोटाचा नुसता एक वळसा कडेला उरला होता. बाकी सारे रिकामे टेबल, आणि त्यावरून तिरपी आलेली गजांची सावली. ती सावली मी काढली आहे, हे मला तोवर माहीतच नव्हते.

“पाणवठ्यावर जनावर बघायचं, तर मोकळी जागा सोडून बसावं लागतं,” रेंजरसाहेब म्हणाले. “चहूकडून घेरलं, तर ते येईल कुठून आणि जाईल कुठं?”

घरी येताना माझे कान तापलेले होते. मनाला चांगले लागलेही होते; राग धरीन म्हणाले होते, तो मी इमानाने धरला. अक्काने दार उघडले आणि माझ्याकडे निरखून पाहिले.

“काय झालं वं?”

“माझ्या फोटोची चिरफाड केली सगळ्यांनी.”

“मंग तू हासून काऊन राह्यली?”

पुढचे दिवस आठवले, की आजही अंगात एक हलकेपणा येतो. एका विद्यार्थिनीच्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे मी कोने केले आणि ते घेऊन घरभर हिंडले. चुलीपाशी, मोरीपाशी, वाळवणापाशी. कधी वाटे, जगात सगळेच जरा जास्त झाले आहे. कधी वाटे, एवढ्याशा चौकटीत हे सारे मावते तरी कसे? अक्काच्या रांगोळीवर कोने धरले, तेव्हा तिने पीठ खाली ठेवले. “ते मह्यावर नको धरू बाई. मी काय कापाची आहो का?” जुने प्रिंट काढून मी त्यांवर लाल पेन्सिलीने रेघा मारल्या. वीस वर्षे मुलींच्या वह्यांवर चाललेली पेन्सिल स्वतःच्या कामावर चालवताना हात जड होतो. पण दोन-चार रेघांनंतर त्यातही एक गोडी लागते.

नवे फोटो मात्र जमेनात. तेल सोडले, समई सोडली, तरी माझे हात मांडायला गेले, की पूजाच मांडत. रानातली फळे तर आता संपतच आली होती, आणि ओसरीत निघालेले दोष मी स्वतः मागून घेतलेले, म्हणून मनातली अट अजून उभीच होती.

मग ती दुपार आली. शेवटच्या सीताफळांतले एक घेऊन अक्का खिडकीशी पाटावर बसली. कल्हईची जुनी ताटली पुढ्यात. सीताफळ खाणे हे घाईचे काम नाही. ती एकेक बी तोंडात घोळवून बाजूला ठेवत होती. तेवढ्यात शेजारणीने हाक मारली आणि ती तशीच उठून गेली. ताटलीवर ऊन आले होते. फळाचा अर्धा भाग कोसळलेला, पांढरा गर उघडा पडलेला आणि त्यात बोटाचा ठसा. साल वाटीसारखी उलटी. काळ्याभोर बिया एका बाजूने सांडत सांडत काठापर्यंत गेलेल्या आणि उरलेली ताटली रिकामी. मी कशालाही हात लावला नाही. कॅमेरा पोटाशी धरला, मान खाली घातली. दुधी काचेवर ती ताटली उलटी उमटली, तरी तिच्यात उलटे करण्यासारखे काही नव्हते.

आठवड्याने प्रिंट आला आणि घरात वादळ झाले.

“हे उष्टं हाये!” अक्का म्हणाली.

“हो.”

“उष्टं ताट चार मानसात टांगतं का कोनी? लोक म्हनतीन, याईच्या घरी भांडे धुवाले पानी नाही.”

ती चेष्टा करत नव्हती. आमच्या घरात पाहुणा अवचित आला, तर उष्ट्या ताटावर आधी दुसरे ताट पालथे पडते, मग ‘या’ म्हणतात. लहानपणापासून तेच शिकवलेले. मलाही मनातून संकोच वाटतच होता.

“तुझं नाव नाही त्यावर,” मी म्हणाले.

“नाव नसलं म्हनून काय झालं? बोट माहं हाये ना!”

मी प्रिंट परत घेतला. तिला नको असेल, तर तो सुतळीवर जाणार नव्हता. आणि दुसरे दाखवायला माझ्याकडे काही नव्हते. फळे संपली होती. कॅमेऱ्याची पिशवी खुंटीवर होती. तिच्याकडे मी पाहिले आणि पुन्हा वह्या तपासायला बसले. बऱ्याच वेळाने अक्का आली, तिने वह्यांखालून प्रिंट ओढून काढला आणि खिडकीशी जाऊन हात लांब करून धरला. चाळिशी तिच्या कपाळावरच होती. ती डोळ्यांवर घ्यायचे तिला सुचले नाही.

“गोड होतं वं ते,” ती शेवटी म्हणाली. “लई गोड.” मग प्रिंट माझ्यासमोर ठेवून ती आत गेली आणि आतून आवाज आला, “ने. पन माहं नाव काढशीन, तं पाह्य!”

मी प्रिंटवर लाल रेघा मारल्या. डावीकडची खिडकीची चौकट कापली. वर ताटलीचा काठ थोडा कापला, म्हणजे ती चौकटीबाहेर जाते आहे असे वाटावे. सालीचा कोपरा काळा पडत होता, तिथे मोठा प्रिंट छापताना क्षणभर हात आडवा धरून उजेड अडवावा, असे बाबूरावांना लिहिले. पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिले: ‘रेघेवर कापावे.’

रविवारी सुतळीला तो अडकवताना चिमटा दोनदा सुटला. मग मी नेहमीच्या जागी बसले. माझा फोटो आला. ओसरी गप्प झाली. पण ही शांतता वेगळी होती. कोणाचीही नजर खाली नव्हती. रेंजरसाहेब खुर्चीवरून उठून जवळ गेले.

“भांडं घासलेलं नाही,” ते म्हणाले आणि माझ्या लक्षात आले, की ही तक्रार नव्हे.

“पण वर का कापलं?” वकील म्हणाले. “ताटली गोल आहे, गोल राहू द्यायची. माझी नजर राहून राहून तिथं अडखळते.”

“अडखळू द्या ना,” रेंजरसाहेब म्हणाले. “बिया बघा कशा काठाकडे निघाल्यात. काठ पुरा दाखवला, तर त्या तिथंच थांबतील.”

“साल उजळ झाली आहे जरा.”

“साल बरोबर आहे. तुमचा चष्मा बदला.”

“मी सांगतो,” बाबूराव मध्येच घुसले. तो प्रिंट आपणच छापला आहे, हे ते पार विसरले होते. त्यांनी कोने हिसकावून घेतले, प्रिंटवर ठेवले, वर नेले, खाली आणले, आणि मनासारखे होईना, तसे त्वेषाने माझ्याकडे वळले. “इथून अजून बोटभर कापाचं ना! काऊन सोडलं बे हे इथं?”

बाबूरावांनी जीभ चावली. दोन्ही हात कानांच्या पाळ्यांकडे गेले, कोने खाली पडले. “बाई, माफ करा, तोंडातून निंगून गेलं…”

गावात मला ‘बाई’ म्हणणारी पाचशे माणसे असतील. ‘बे’ म्हणणारे कोणी नव्हते. तो शब्द इकडे सोबत्याला लावतात, भावाला लावतात, ज्याच्याशी भांडायचा हक्क आहे त्याला लावतात. मी वाकून कोने उचलले आणि बाबूरावांच्या हातात परत दिले. त्यांनी मिनिटभर माझा चेहरा पाहिला. मग पुन्हा प्रिंटकडे वळले आणि वकिलांशी तावातावाने भांडू लागले.

मला सांगण्यासारखे पुष्कळ होते. काठ का कापला, साल का उजळली, वकील कुठे चुकत आहेत. पण ज्याचा फोटो, त्याने बोलायचे नाही. त्या दिवशी मी नियम पाळला. चहा निवून गेला होता, तोही गोड लागला.

कॅमेरा नागपूरला गेला नाही. त्याला आता काही वर्षे झाली. ओसरीवर सुतळी अजून बांधली जाते, आणि माझ्या फोटोंना अजून बोलणी बसतात. मागच्या महिन्यातला तर बाबूरावांनी उलटा टांगून ‘असा बरा दिसते’ म्हटले. मांडायला बसले, की माझे हात अजून मधोमध जातात. जन्माचे वळण एका हंगामात सुटत नाही. पण आता मी त्यांना ओळखते.

काल आणलेल्या फळांतले एक आज दुपारी पिकले. अक्काने ते फोडले आणि खिडकीशी बसून सावकाश खाल्ले. मी वह्या तपासत होते. अर्धे झाल्यावर तिने हात आवरला, उन्हाकडे पाहिले, आणि ताटली बोटाने हळूच उजेडात सरकवली.

“घे सुमे,” ती म्हणाली, “झालं उष्टं.”